बांधाकडेची शेवंती : उसासारखी राखा, उसासारखी भिजवू नका



दसरा-दिवाळीत शेवंतीला मागणी असते. आळेफाट्यावर नाशिक-पुणे आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते मिळतात, त्यामुळे फूल बाजाराला धाडणे आपल्याला अवघड नाही. तेव्हा दारापुढे किंवा उसाच्या कडेला चार-दोन वाफे लावायला काय हरकत आहे? मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, शेवंती बारमाही आहे. फुलं संपली की पुष्कळजण झाड उपटून टाकतात आणि पुढच्या साली पुन्हा रोपं विकत आणतात. तसे करू नये. ऊस तुटल्यावर खोडवा फुटतो, तशाच शेवंतीच्या बुडातून काश्या फुटतात. जुनी खोडं जमिनीलगत छाटावीत, बेताचं पाणी द्यावं. एप्रिल ते जून या काळात निरोगी काश्या मुळासकट वेगळ्या करून लावाव्यात. हेच आपलं बेणं!

दुसरी गोष्ट पाण्याची. उसाला सरी भरून पाणी चालते, शेवंतीला चालत नाही. पाणी तुंबलं की मुळ्या कुजतात आणि उभं झाड माना टाकतं. जपानच्या समुद्रकाठी वाळूत, खडकांत वाढणारी एक बारमाही डेझी आहे. ती शेवंतीचीच भावकी, तिलाही निचऱ्याचीच जमीन लागते. आपल्या काळ्या रानात म्हणूनच वरंबा करून, त्याच्या बगलेला फूट-फूट अंतरावर लावण करावी. उसाचं पाणी तिकडे फुटू देऊ नये.

तिसरी गोष्ट उजेडाची. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरात अकरा तासांचा असतो. दिवस लहान होऊ लागले की उसाला तुरा येतो, तशीच शेवंती कळी धरते. रात्रभर दिव्याच्या उजेडात असलेलं झाड नुसतं वाढतं, कळी लांबते. म्हणून वाफा दिव्याखाली नको.

लावणीनंतर महिन्याने शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे वाढतात. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र खुडू नये, फूल मागे पडतं. कळ्यांवर मावा दिसतो का, ते रोज पाहावे. फूल पूर्ण उमलल्यावर सकाळच्या गारव्यात तोडावे.

यंदा एकच वाफा लावून पाहा. नीट राखलात तर पुढच्या वर्षी बेण्याला पैसा मोडावा लागणार नाही, आणि शेजाऱ्यालाही चार काश्या देता येतील.