गाडीची मोठी सर्व्हिसिंग : स्वतः करावी की गॅरेजला द्यावी?

जालन्याहून सिंदखेडराजा, दुसरबीड, मेहकर असा जाणारा रस्ता ही जुन्या नागपूर-मुंबई वाहतुकीची वाट आहे. या रस्त्यावरच्या दुसरबीडसारख्या गावात ज्याच्या दारात चारचाकी उभी आहे, त्याच्यासाठी ती बहुतेक वेळा हौसेची वस्तू नसते. आठवडी बाजार करणारा फळविक्रेता, कापडाचे गठ्ठे घेऊन फिरणारा, कोंबड्यांचा पुरवठा करणारा, गादी-रजईवाला, वेल्डिंगचे सामान साइटवर नेणारा कारागीर, यांचे दुकानच चार चाकांवर चालते. गाडी एक दिवस बंद राहिली की एक बाजार बुडतो.

अशा गाडीला ३०-४० हजार किलोमीटरवर मोठी सर्व्हिसिंग येते. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल, गिअरचे व हौजिंगचे ऑइल, ब्रेक उघडून पाहणे, बेअरिंगला ग्रीस, असे ते मोठे काम असते. कंपनीचे वर्कशॉप जे बिल देते ते पाहून अनेकांच्या मनात येते की पाने आपल्याकडेही आहेत, मग हे काम घरीच का करू नये? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर हिशेबाने काढले पाहिजे, रागाने नव्हे.

एक उदाहरण घेऊ. हे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत. समजा, कंपनीच्या वर्कशॉपचे बिल १२,००० रुपये झाले. त्यात सामान ८,००० चे आणि मजुरी ४,००० ची. घरी काम केले तरी सामान विकत आणावेच लागते. म्हणजे वाचणार फक्त मजुरीचे ४,०००. आता गावातलाच मिस्त्री तेच काम १,५०० रुपये मजुरीत करत असेल, तर त्याच्या तुलनेत तुमची बचत १,५०० एवढीच राहिली. त्यातून चांगला जॅक, दोन भक्कम लोखंडी स्टँड, रिंग पान्यांचा सेट, फिल्टर खोलायचा पाना यांचा खर्च वजा करा. मिस्त्री जे चार तासांत करतो त्याला तुमचे दोन दिवस जातील, तेही वजा करा. उलट, गाडी जालन्याला कंपनीकडे न्यायची तर जाण्यायेण्याचे डिझेल आणि बुडालेला दिवस त्या १२,००० त मिळवा. असा तिहेरी हिशेब केला की बहुतेक धंदेवाल्या गाड्यांच्या बाबतीत असे दिसते की संपूर्ण मोठी सर्व्हिसिंग घरी करणे परवडत नाही आणि संपूर्ण कंपनीकडे देणेही परवडत नाही. काही कामे स्वतः, बाकीची गावच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे, आणि सामानाची खरेदी मात्र स्वतःच्या हाताने, हा मार्ग आम्हाला योग्य वाटतो.

एअर फिल्टर प्रत्येकाने स्वतः काढावा व पाहावा. आपल्याकडे सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसांत रस्त्यावर जी धूळ उडते, तिच्यात कंपनीच्या पुस्तकातली मुदत चालत नाही. फिल्टर त्याआधीच भरतो, गाडी डिझेल जास्त पिते आणि आपण पंपवाल्याला दोष देतो. कुलंटची टाकी इंजिन थंड असताना पाहावी. गरम इंजिनाचे झाकण उघडून हात भाजून घेणारे कमी नाहीत. कुलंट कमी झाले म्हणून बोअरचे पाणी ओतू नये. त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि उन्हाळ्यात गाडी गरम होऊ लागते. तयार कुलंट घ्यावे, किंवा कुलंटमध्ये बॅटरीत टाकतात ते शुद्ध पाणी मिसळावे.

इंजिन ऑइल बदलणेही सावधपणे केले तर अवघड नाही. तीन गोष्टी पाळाव्यात. चेंबरच्या नटाखालचा वायसर नवा घालावा. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर चालत्या गाडीचे सगळे ऑइल रस्त्यावर जाते आणि इंजिन जाम होते. नव्या फिल्टरच्या रिंगेला थोडे ऑइल लावून तो हाताने आवळावा, पान्याने पिळू नये. ऑइलचा ग्रेड दुकानदार सांगेल तो घेऊ नका, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला घ्या. विशेषतः एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राखेचे ऑइल लागते. जुन्या जीपचे स्वस्त ऑइल त्यांत टाकले तर तो फिल्टर हळूहळू भरतो, आणि तो बदलण्याच्या खर्चात अनेक वर्षांची सर्व्हिसिंग निघाली असती.

डिझेल फिल्टरखालचे पाणी काढणे स्वतः करावे. फिल्टर बदलणे जुन्या, हातपंप असलेल्या गाड्यांवर जमते. पंप हाताला कडक लागेपर्यंत दाबून एअर काढावी. नव्या कॉमनरेल इंजिनाच्या पाइपांना मात्र हात लावू नये. टायरमध्ये दाब असतो दोन-तीन बारचा, या पाइपांत तो हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनावर असा पाइप ढिला केला तर डिझेलची धार कातडीतून आत शिरते, आणि ती जखम वरून लहान दिसली तरी बोट गमावण्याची वेळ येऊ शकते.

ब्रेकचे काम घरी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. ओलावा धरलेले ऑइल सतत ब्रेक दाबल्यावर उकळते आणि पेडल खाली बसते. ते बदलताना पाइपात थोडी जरी हवा राहिली तरी तोच परिणाम होतो. ज्या तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे आणि जेथे कारला ताशी १२० ची मुभा आहे, तेथे ब्रेकवर प्रयोग करणे म्हणजे स्वतःबरोबर दुसऱ्यांचाही जीव पणाला लावणे होय. टायमिंग बेल्टचेही तसेच. काही इंजिनांत चेन असते, काहींत बेल्ट. बेल्टची मुदत पुस्तकात असते. तो एका दाताने चुकीचा बसला किंवा तुटला तर बहुतेक इंजिनांत वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

आणि नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, शिरू नये. जॅकचे सील केव्हा बसेल याचा भरवसा नसतो आणि वीट सूचना न देता फुटते.

घरी ऑइल बदलणाऱ्यांनी जळके ऑइल नालीत ओतू नये. नालीतले सगळे शेवटी ओढ्याला आणि नदीला मिळते. बांधकामवाले सेंट्रिंगच्या पाट्यांना लावण्यासाठी ते घेऊन जातात, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. कायद्याने मात्र ते घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत संकलकाकडेच जायला हवे. एक डबा ठेवावा आणि तो भरला की ज्या गॅरेजचे ऑइल गाडी येऊन उचलून नेते, तेथे द्यावा.

आता गॅरेजकडे वळू. ग्राहकाचे खरे नुकसान मजुरीत होत नाही, सामानात होते. न बदललेल्या वस्तूचे पैसे लागणे, ओरिजिनलच्या भावात डुप्लिकेट बसणे, चांगला पार्ट काढून ठेवला जाणे, या तक्रारी मोठ्या काचेच्या वर्कशॉपबद्दलही येतात आणि टपरीबद्दलही. उपाय सोपा आहे. फिल्टर, ऑइल, ब्रेक पॅड, लायनर पक्क्या बिलावर स्वतः आणून द्यावेत आणि काढलेला जुना पार्ट परत मागावा. मागताना लाजू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. दुकानदार जुन्या दराने लावतो का, हे बिलावर पाहावे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही.

आमच्या वाचकांत गाडीवाले आहेत तसे मिस्त्रीही पुष्कळ आहेत. उस्तादाच्या हाताखाली लहानपणापासून पाना धरून शिकलेले हे कारागीर आज एका वेगळ्याच अडचणीत आहेत. नवी गाडी कानाने ओळखता येत नाही, तिला स्कॅनर लावावा लागतो. कंपन्यांनी सुटे भाग आणि ही साधने फक्त आपल्या डीलरपुरती ठेवली तर गावचा मिस्त्री संपतो आणि गावचा ग्राहकही अडतो. याच प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळावीत आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी नाकारू नये, असे आयोगाने सांगितले. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांचा दोष कायम ठेवला, दंडाची रक्कम मात्र कमी केली. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. ज्या मिस्त्रीला टिकायचे आहे त्याने साधा स्कॅनर घ्यावा, दोघा-तिघांनी मिळून घेतला तरी चालेल. हाताखालच्या मुलाला आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स करू द्यावा. आणि छापील पावती-बुक ठेवावे. बदललेला पार्ट, त्याची किंमत, मजुरी, किलोमीटर, असे चार रकाने पुरेत. अशी पावती देणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्या गावाहून येते.

गाडी वॉरंटीत असेपर्यंत सर्व्हिसिंग कंपनीकडेच करावी. मिळणाऱ्या संरक्षणापुढे त्या दोन-तीन वर्षांतला जादा खर्च लहान असतो, आणि चुकीच्या दुरुस्तीमुळे बिघाड झाला असे कंपनी म्हणू लागली तर वाद घालायला गावच्या गाडीवाल्याला वेळ नसतो.

काम बिघडलेच तर? धंद्याची गाडी आहे म्हणून आपण ग्राहक नाही, असा अनेकांचा समज आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जो केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू विकत घेऊन वापरतो तो ग्राहकच धरला जातो. स्वतः गाडी चालवून बाजार करणारा फळविक्रेता त्यात येऊ शकतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे दुसरबीडकरांना बुलढाण्यालाच, करता येते, गॅरेज जालन्याला असले तरी. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. दोन्हीकडे पहिला कागद मागतात तो बिलाचा.