दमण : केवळ सहलीचे ठिकाण नव्हे

सुट्टी लागली की सुरतेतील अनेक कुटुंबे दमणला जातात. देवका, जामपोरच्या किनाऱ्यावर खेळून परततात. पण मोटी दमणचा किल्लाही अवश्य पाहावा.

१५५९ मध्ये पोर्तुगीजांनी दमण घेतले व चारशेहून अधिक वर्षे तेथे राज्य केले. शेजारचा नगर हवेली प्रदेश मात्र मराठ्यांचा होता. १७७९ च्या तहानुसार पेशव्यांनी तेथील गावांचा महसूल पोर्तुगीजांना दिला. पुढे सत्ताही त्यांचीच झाली. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी तो प्रदेश मुक्त केला. त्यांत सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी मराठी माणसे होती. पोर्तुगीज सैन्य दमणला, जवळच होते. पण मधली भूमी भारताची. भारताने वाट दिली नाही. पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तेथेही १९६० मध्ये सैन्य नेण्याचा त्याचा हक्क अमान्य झाला. अखेर भारतीय सेनेच्या कारवाईने १९ डिसेंबर १९६१ रोजी दमण मुक्त झाले.

पालकांना विनंती, पुढच्या सहलीत एक तास किल्ल्यासाठी राखून ठेवावा. मुलांनीही घरातील वडीलधाऱ्यांना १९६१ च्या आठवणी विचाराव्यात. त्या सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.