‘गाडी लागली’ असे म्हणण्यापूर्वी

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. मे महिना आहे. सांगलीत सकाळपासून उन्हात उभी असलेली मोटार दुपारी टाकी भरून साताऱ्याला निघते. मागच्या आसनावर पंचाहत्तरीच्या आजी आणि शेजारी सूनबाई. पेठ नाका मागे पडतो आणि आजी पदर नाकाला लावतात. “पेट्रोलचा वास येतोय गं.” गाडी चालवणारा मुलगा म्हणतो, “मला तर काही येत नाही, आई. आत्ताच भरलं ना, त्याचा असेल.” कराड येईपर्यंत आजींचे डोके ठणकू लागते, जीव मळमळतो. घरचे निदान करून मोकळे होतात : गाडी लागली!

कित्येकदा ते निदान बरोबरही असते. परंतु पंप सोडून तास झाला तरी वास टिकून असेल, तर आजारी आजी नाहीत, आजारी मोटार आहे, ही शक्यता आपण आधी तपासली पाहिजे.

टाकीतील वाफ जाते कुठे?

पेट्रोल उघड्यावर ठेवले की उडून जाते, हे आपण सर्व जाणतो. बंद टाकीतही त्याची वाफ होतच असते. ऊन वाढले की ती वाढते. चढ चढतानाही वाढते. कारण जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर, सातारा सातशेच्या वर आणि कासचे पठार बाराशेच्या आसपास आहे. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना वास अधिक जाणवला, तर त्यामागे हेही कारण असू शकते.

ही वाफ मोकळी सुटू नये म्हणून प्रत्येक आधुनिक पेट्रोल मोटारीत एक बंदिस्त व्यवस्था असते. टाकीतून निघालेली वाफ नळीवाटे एका डब्यात जाते. त्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यात सक्रिय कोळसा असतो. विषबाधेच्या काही रुग्णांना रुग्णालयात जो दिला जातो, त्याच जातीचा. तो वाफ धरून ठेवतो. पुढे इंजिन चालू असताना ‘पर्ज व्हॉल्व्ह’ नावाची झडप योग्य वेळी उघडते, इंजिन ती वाफ ओढून घेते आणि जाळून टाकते. टाकीचे झाकण, नळ्या, कॅनिस्टर, झडपा या साखळीतील एक दुवा जरी फुटला तरी वाफ बाहेर पडते, आणि वाटेत फट सापडली की प्रवाशांपर्यंत पोचते. डिझेलच्या मोटारीत ही व्यवस्था नसते. सीएनजीच्या मोटारीला मात्र पेट्रोलची टाकीही असते, म्हणून तिला हे सारे लागू आहे.

दिवा लागत नाही, पीयूसीही काही सांगत नाही

“पीयूसी कालच केली आहे,” असे आपण समाधानाने म्हणतो. ती तपासणी धुराच्या नळीतून निघणाऱ्या वायूंची असते. टाकीजवळच्या चिरलेल्या नळीविषयी ती काहीच सांगत नाही. समोरच्या फलकावरील इंजिनचा दिवा तरी लागेल, अशी अपेक्षा असते. अमेरिकेतील मोटारींमध्ये सुईच्या छिद्राएवढी गळतीही संगणकाने ओळखावी, असा दंडक आहे. आपल्याकडील अनेक मोटारींत संगणक झडपेची विद्युतजोडणी तेवढी तपासतो. नळी फाटली तरी दिवा न लागण्याचा संभव राहतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांत बाष्परूपाने उडणाऱ्या इंधनाची मर्यादा एका चाचणीला २ ग्रॅम अशी आहे. पण ती नव्या मोटारीची प्रयोगशाळेतील परीक्षा. दहा वर्षे वापरलेल्या गाडीची परीक्षा आपल्या नाकालाच घ्यावी लागते.

नाकाचेही वय होते

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, नाक लवकर सरावते. वासात काही मिनिटे बसले की तो जाणवेनासा होतो. वाफ मात्र तिथेच असते. म्हणून चालकाला वास येत नाही, याचा अर्थ वास नाही असा होत नाही. दुसरी, साठी-सत्तरीनंतर घ्राणशक्ती मंदावते. पार्किन्सन आणि अल्झायमरच्या रुग्णांत तर ती फार आधीपासून क्षीण झालेली असू शकते. अशा ज्येष्ठांना वासाची तक्रार करताच येत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, डोळ्यांची चुरचुर एवढेच दिसते. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असेल तर खोकला आणि धापही वाढू शकते.

पेट्रोलमध्ये बेंझीन असते. आपल्याकडील मानकांनुसार ते १ टक्क्यापर्यंत असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. एका प्रवासातील वासाने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण डायलिसिससाठी किंवा अन्य उपचारांसाठी आठवड्यातून दोन-तीनदा मिरजेला नेले-आणले जाणाऱ्या रुग्णाने तोच वास महिनोन् महिने का सोसावा?

निदानाचा क्रम

डॉक्टर आधी रोगाचा इतिहास विचारतात, मग तपासतात, शेवटी चाचण्या सांगतात. इथेही तोच क्रम ठेवावा, खर्च वाचतो.

इतिहास : रक्तदाबाच्या नोंदवहीसारखी आठवडाभर नोंद ठेवा. वास कधी येतो? टाकी काठोकाठ भरल्यावर, उन्हात उभी केल्यावर, घाटात, की गाडी सुरू करताना? मागच्या बाजूला की बॉनेटपाशी? पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरते का? सकाळी बंद मोटारीचे दार प्रथम उघडणाऱ्या, बाहेरच्या मोकळ्या हवेतून आलेल्या माणसाच्या नाकावर अधिक विश्वास ठेवा. गाडीतील सुगंधी डबी या आठवड्यात काढून ठेवा. ती वास झाकते, वाफ नव्हे.

झाकण : टाकीच्या झाकणाचे रबरी कडे चिरले किंवा कडक झाले आहे का, ते पाहा. फिरकीचे झाकण ‘टक्’ आवाज येईपर्यंत फिरवा. सर्वांत स्वस्त दुरुस्ती हीच, म्हणून ती सर्वांत आधी.

पंपावरील सवय : पंपाची नळी आपोआप बंद झाली की थांबावे. ‘राउंड फिगर’साठी आणखी ओतून घेतलेले पेट्रोल वाफेच्या मार्गाने कॅनिस्टरमध्ये शिरू शकते. कोळसा एकदा भिजून खराब झाला की तो धुऊन सुधारत नाही. कॅनिस्टर बदलावाच लागतो.

नळ्या : उसाच्या फडाशेजारी घर असेल तर उंदीर नळ्या कुरतडतात, हे आपल्याला सांगायला नको. त्याच उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. जुन्या मोटारीचे रबर त्यासाठी घडवलेले नसेल तर ते लवकर खराब होऊ शकते. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेच्या पुरात बुडालेली गाडी कुणी विकत घेतली असेल, तर कॅनिस्टर आणि त्याच्या हवेच्या वाटेत गाळ बसला आहे का, हेही पाहून घ्यावे.

चाचणी : एवढ्याने दोष सापडला नाही तर कारागिराकडे जावे. तो पर्ज व्हॉल्व्ह तपासतो. इंजिन बंद असताना या झडपेतून हवा पार होता कामा नये. झाली, तर ती उघडीच अडकली आहे. त्यानंतर धुराची चाचणी. यंत्रातून निरुपद्रवी पांढरा धूर अगदी कमी दाबाने, साधारण अर्ध्या पीएसआयने, नळ्यांत सोडतात. चाकातील हवा तीस पीएसआयच्या वर असते, यावरून तो दाब किती नाजूक ते कळेल. जिथून धुराची रेघ निघते, तिथे गळती. टायरची हवा भरण्याच्या नळीने ही चाचणी कुणी करू लागला तर त्याला थांबवा. टाकीला इजा होऊ शकते. हे धुराचे यंत्र सर्वांकडे नसते. जाण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारावे आणि आपली नोंदवही सोबत न्यावी.

वास आला, आता लगेच काय?

काचा उघडा आणि वातानुकूलन बाहेरची हवा घेईल असे करा. वास तीव्र असेल तर सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, ज्येष्ठांना उतरवून वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, सावलीत बसवा. विडी, काडेपेटी जवळ नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचून दूरवर पसरते. मग गाडीखाली वाकून पाहा. वातानुकूलनाचे थेंब निर्मळ आणि बिनवासाचे असतात. त्यांची काळजी नको. थेंबांना पेट्रोलचा वास असेल तर गाडी पुन्हा सुरू करू नका. ती ओढूनच न्यावी. घरी प्राणवायूवर असलेल्या रुग्णाला अशा गाडीतून मुळीच नेऊ नये; प्राणवायूमुळे आग भडकते. रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागला, धाप लागली किंवा शुद्ध हरपू लागली तर १०८ ला दूरध्वनी करा. आणि वास पेट्रोलचा नसून धुराचा असेल, तर तो धोका वेगळा : त्यातील कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, आणि तो अधिक घातक ठरतो.

आजींच्या प्रसंगाकडे पुन्हा वळू. त्यांनी पेठ नाक्यापाशी सांगितले होते. त्या क्षणी गाडी बाजूला घेऊन कुणी झाकण पाहिले असते, तर कदाचित दोन मिनिटांत प्रश्न सुटला असता. वय झालेल्या माणसाची तक्रार आपण बहुधा त्याच्या वयाच्या खात्यावर टाकतो. पुढच्या वेळी मागच्या आसनावरून “वास येतोय” असे ऐकू आले, तर “तुम्हाला भास होतोय” म्हणण्यापूर्वी गाडी थांबवा, खाली उतरा, मोकळ्या हवेत चार श्वास घ्या आणि मग पुन्हा दार उघडून स्वतः वास घेऊन पाहा.