जलवायुविषयक दीर्घकालीन पूर्वानुमाने व त्यांवरील आक्षेप

पृथ्वीच्या किंवा तिच्या एखाद्या विस्तृत प्रदेशाच्या सरासरी हवामानात पुढील काही दशकांत वा शतकांत संभवणाऱ्या बदलांविषयीच्या गणिती अनुमानांना दीर्घकालीन जलवायु-पूर्वानुमाने म्हणतात. त्यांवर विसंबून दगडी कोळसा व खनिज तेल यांचा वापर घटवावा काय, हा १९८८ नंतर मोठ्या वादाचा विषय झाला. या वादात दोन भिन्न शंकांची बहुधा सरमिसळ होते : अनुमाने विश्वसनीय आहेत काय, ही एक व ती तशी असली, तरी उत्सर्जन घटविण्याचा खर्च किती करावा, ही दुसरी.

दहा-पंधरा दिवसांपलीकडील हवामान सांगता येत नाही, मग शंभर वर्षांनंतरचे कसे सांगणार, हा सर्वांत प्रचलित आक्षेप होय. प्रारंभिक स्थितीतील अत्यल्प फरकही वातावरणात लवकरच प्रचंड होऊ शकतो, हे एडवर्ड लोरेन्झ यांच्या १९६३ मधील संशोधनावरून स्पष्ट झाले. तथापि जलवायुमान ही सरासरी असून ती मुख्यतः ऊर्जेच्या आवक-जावकीवर अवलंबून असते. नागपूरला मे महिन्यातील विवक्षित दिवशी तपमान किती असेल, हे जानेवारीत सांगता येत नाही. मे महिना जानेवारीपेक्षा कडक असणार, हे मात्र कोणीही सांगू शकतो.

अधिक वजनदार आक्षेप तपमानवाढीच्या प्रमाणाविषयीचा आहे. वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाल्यास तपमान ५° ते ६° से. वाढेल, असे स्वांटे आरेनियस (१८५९–१९२७) यांनी १८९६ मध्ये काढले. स्यूकुरो मानाबे व रिचर्ड वेदरल्ड यांना १९६७ मध्ये ही वाढ सु. २.३° से. आढळली. १९७९ मध्ये जूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकन समितीने तिची व्याप्ती १.५° ते ४.५° से. दिली व ती पुढे चार दशके फारशी आकुंचित झाली नाही. याचे मुख्य कारण ढग हे होय. उष्ण कटिबंधातील उंच ढग तपमानाबरोबर विरळ होऊन जादा उष्णता बाहेर पडू देतील, अशी कल्पना रिचर्ड लिंडझेन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली. परंतु हा परिणाम तितका प्रबळ असल्याचे पुढील निरीक्षणांत दिसले नाही. आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात ही व्याप्ती २.५° ते ४° से. अशी आहे.

भूपृष्ठालगतची हवा तापेल व स्तरांबर थंड होईल, हे मानाबे व वेदरल्ड यांचे अनुमान खरे ठरले. केवळ सूर्याचे तेज वाढले असते, तर दोन्ही थर तापले असते. उपग्रहांच्या मापनांत १९९० च्या दशकात तपमानवाढ जवळजवळ दिसत नव्हती व संशयवाद्यांचा तो मोठा आधार होता. १९९८ व २००५ मध्ये उपग्रहांच्या कक्षाबदलांमुळे येणारे दोष दुरुस्त झाल्यावर ती दिसू लागली. चुका दुसऱ्या बाजूसही झाल्या. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे २००७ च्या अहवालातील विधान निराधार होते व मंडळाने २०१० मध्ये ते मान्य केले.

प्रादेशिक पर्जन्याची अनुमाने जागतिक तपमानाच्या अनुमानांहून पुष्कळच कमी भरवशाची आहेत. मोसमी पाऊस वाढेल, असे बहुतेक प्रतिमाने दर्शवितात. परंतु १९५० नंतरच्या अर्धशतकात मध्य भारतात तो घटला. हवेतील धूर व सूक्ष्मकण यांचा त्यात वाटा असावा.

खर्चाविषयीचा वाद मात्र वातावरणविज्ञानाने सुटणारा नाही. शंभर वर्षांनंतरच्या १०० रुपयांच्या हानीचे आजचे मूल्य वार्षिक १ टक्का वटाव दराने सु. ३७ रुपये, तर ५ टक्के दराने एका रुपयाहूनही कमी भरते. निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये अल्प दर धरून त्वरित व मोठ्या कपातीची शिफारस केली. विल्यम नॉर्डहाउस यांनी तो दर अवास्तव ठरविला. तरीही कार्बन कराचा पुरस्कार नॉर्डहाउस यांनीही केला. मतभेद होता तो मुख्यतः आरंभीच्या कराविषयी व त्याच्या वाढीच्या गतीविषयी.