तळ्याकाठचा मुक्काम : नेकनूरच्या वाटेवर

पुण्याहून सकाळी निघालेली मोटार अहिल्यानगर, जामखेड, पाटोदा मागे टाकून मांजरसुंब्याच्या चौकात येते, तेव्हा उन्हे कलू लागलेली असतात. डावीकडचा रस्ता बीडला जातो, उजवीकडचा चौसाळ्यावरून धाराशिवकडे, आणि समोरचा नेकनूर, केज, अंबाजोगाई असा पुढे सरकतो. उदगीर, बीदर, हैदराबाद करीत कुलपाकजीच्या दर्शनाला जाणाऱ्यांचा पहिला मुक्काम या पट्ट्यात पडावा, असे हे अंतर आहे. बीडमध्ये लॉज आहेत. थोडी वाट वाकडी केली तर कुंथलगिरी आहे. आचार्य शांतिसागरजींनी १९५५ साली जेथे सल्लेखनापूर्वक देह ठेवला, त्या क्षेत्रावर धर्मशाळेची सोय आहे. तरीही अलीकडे काही कुटुंबे तंबू, सतरंज्या, शेगडी आणि पाण्याचे कॅन गाडीत घालूनच घराबाहेर पडतात व एखाद्या तळ्याकाठी रात्र काढण्याचा बेत करतात.

यात निव्वळ हौस आहे असे समजणे योग्य नाही. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, गाळलेले पाणी आणि कंदमुळांचा त्याग हे नियम पाळणाऱ्या घराला दहा-बारा दिवसांच्या प्रवासात अंथरुणापेक्षा चुलीची चिंता अधिक असते. चूल आपल्या हाती राहिली की निम्मा प्रवास सुखाचा होतो. राहिला प्रश्न जागेचा. आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

मोबाइलवरील नकाशात नेकनूरच्या आसपास बालाघाटच्या डोंगररांगेत निळे ठिपके विखुरलेले दिसतात. शहरातल्या माणसाला त्यांपैकी प्रत्येक ठिपका म्हणजे निर्जन, बेवारस, आपलीच वाट पाहणारे तळे वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. येथील बहुतेक तळी माणसांनी बांधलेली आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या मागे दुष्काळ उभा आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी, मजुरांनी, बायाबापड्यांनी दुष्काळी कामावर मातीची पाटी डोक्यावर घेऊन पाझर तलावांचे बांध रचले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला, त्या रोजगार हमीला पुढे १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या वर्षांत एकेका बांधावर गावेच्या गावे राबली. ज्या बांधावर आज सायंकाळी छायाचित्रे काढली जातात, त्याची माती कुणाच्या तरी आजीने वाहिलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे.

पाझर तलाव हा शब्दच त्याचे काम सांगतो. त्यातले पाणी साठून राहावे अशी अपेक्षाच नसते. ते जमिनीत मुरावे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागावे, यासाठी तो बांधलेला असतो. त्यामुळे सप्टेंबरअखेरीस काठोकाठ भरलेले तळे फाल्गुनात कोरडे दिसले तर नवल नाही. तळ्याकाठी राहायचे तर दसऱ्यापासून पौषापर्यंतचा काळ बरा. मोठ्या धरणांची गोष्ट वेगळी. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे, त्याच्या फुगवट्याचा विस्तार मोठा आहे. बीडजवळ पालीला बिंदुसरा प्रकल्प महामार्गालगतच आहे; त्याच्या सांडव्यावरून पाणी पडू लागले की ‘चादर’ पाहायला सारे बीड लोटते. तेथे एकांत शोधणे म्हणजे बाजारपेठेत ध्यानाला बसण्यासारखे आहे.

पाणी जसजसे मागे हटते, तसतशी काठाची ओली, काळीशार जमीन उघडी पडते. तिच्यावर हरभरा, ज्वारी किंवा चाऱ्याची मका पेरली जाते. याला गाळपेर म्हणतात. ही जमीन शासनाने संपादित केलेली असते आणि हंगामापुरती कसायला दिली जाते. कसणाऱ्यांत पुष्कळदा ज्यांची मूळची शेते त्या पाण्याखाली गेली, तीच घराणी असतात. २०१८-१९ च्या दुष्काळात अशा जमिनीवर चारा पिकविण्याची व्यवस्था शासनाने केली होती, यावरून तिचे मोल कळावे. पाण्यातल्या मासेमारीचा हक्कही बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. म्हणजे नकाशावर जे रिकामे दिसते त्याच्या प्रत्येक हातावर कुणाचा ना कुणाचा हिशेब मांडलेला आहे. तारणावर बोजा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय व्यापारी पैसे देत नाही. जागेच्या बाबतीत मात्र तोच व्यापारी सुटीवर असला की डोळे मिटून गाडी उभी करतो.

या मुलखात पाण्याकाठी उतरण्याची विद्या जुनी आहे, आणि ती मोटारवाल्यांची नव्हे. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून दख्खनभर फिरणारे लमाणांचे तांडे पाणी पाहूनच मुक्काम ठरवीत. मेंढरे घेऊन चराईला निघालेला धनगर आजही आधी शेतमालकाशी बोलणी करतो, मगच वाडा बसवतो. रात्रभर बसलेल्या मेंढरांचे खत शेतकऱ्याला मिळते आणि धनगराला धान्य. बंकटस्वामी महाराजांमुळे नेकनूरचे नाव वारकऱ्यांना परिचित आहे. दिंड्यांचे मुक्कामही वर्षानुवर्षे ठरलेल्या गावी, ठरलेल्या घरांच्या संमतीने पडतात. आणि विहार करणाऱ्या साधु-साध्वींची पद्धत तर वाचकांच्या नित्य परिचयाची आहे. अचौर्य महाव्रताच्या भावनांमध्ये श्वेतांबर परंपरा अवग्रहयाचना सांगते, म्हणजे राहण्याची जागा मागून घेणे. दिगंबर परंपरा परोपरोधाकरण सांगते, म्हणजे आपल्या राहण्याने दुसऱ्याला अडथळा न करणे. ज्यांच्याजवळ स्वतःचे काहीच नाही अशांनाही न विचारता ओसरीवर बसण्याची मुभा नाही.

विचारायचे कोणाला? नेकनूर हे मोठे गाव आहे. जनावरांच्या बाजारासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे, तेथे पोलीस ठाणे आहे. भाजी, दूध, पेट्रोल यांची खरेदी याच गावात उरकावी आणि दुकानदारापाशीच चौकशी करावी. आपल्याकडचा दुकानदार ज्याला ओळखत नाही असा शेतकरी दहा कोसांत नसतो. त्यानंतर ज्या गावाच्या शिवारात तळे असेल तेथील पोलीस पाटलाला आणि काठच्या शेतकऱ्याला भेटावे. नाव, गाव, गाडीत किती माणसे आहेत, सकाळी केव्हा निघणार, एवढे सांगितले की पुरे. अनेकदा तोच शेतकरी आखाड्याशेजारची कोरडी जागा दाखवतो आणि चहाचा आग्रह धरतो.

ही औपचारिकता नव्हे. तळ्याकाठी पाण्याच्या मोटारी बसवलेल्या असतात आणि मोटार, केबल चोरीला जाण्याचा शेतकऱ्यांचा अनुभव जुना आहे. अंधारात अनोळखी गाडी दिसली की संशय येणे साहजिक आहे. संशयाचे रूप किती भीषण होऊ शकते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाहिले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी हिंडणारी माणसे होती. मोटारीतून आलेल्या सुखवस्तू कुटुंबावर असा प्रसंग सहसा येत नाही, हे खरे. पण त्यामागे आपले पुण्य नाही, आपले कपडे आणि गाडी आहेत.

जागा मिळाली तरी ती पारखून घ्यावी लागते, आणि पारख उजेडीच होते. दुपारी चारपर्यंत तळ्यावर पोहोचले पाहिजे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराला ही शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही. प्रथम सांडवा पाहावा. सांडव्याच्या माथ्याची जी उंची, तीच तळे पूर्ण भरल्यावरच्या पाण्याची रेषा. तेथे उभे राहून त्याच पातळीत समोरच्या काठाकडे नजर टाकली की पाणी कुठवर चढू शकते हे कळते. तंबू त्या रेषेच्या बराच वर हवा. परतीचा पाऊस या भागात रात्रीतून धिंगाणा घालतो. बांधाखालचा ओढा कितीही कोरडा दिसला तरी तेथे झोपू नये.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली तलावांतून यंत्रांनी गाळ काढला जातो. शेतांना त्याचा लाभ होतो, साठाही वाढतो. परंतु जेथे यंत्र चालले तेथे तळ सपाट उरत नाही. गुडघाभर पाण्यातून दोन पावले टाकली की पुरुषभर खड्डा, आणि कडेला पाय रुतवणारा चिखल. मुलांना पाण्यात उतरू द्यायचे नाही, हा नियम निघण्यापूर्वीच घरी सांगून ठेवावा. तळ्यावर सांगितला तर कोणी ऐकत नाही. मोटारींच्या विजेच्या तारा गवतातून गेलेल्या असतात. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते, तेव्हा शेतकरी दीड वाजता विजेरी घेऊन मोटार चालू करायला येईल आणि संध्याकाळी निर्जीव असलेली तार त्यावेळी जिवंत असेल. नायगावच्या मयूर अभयारण्यात परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही, आणि डोंगरालगतच्या झाडीत करू नये. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली होती.

एवढे झाल्यावर जे मिळते ते मात्र अपूर्व असते. नोव्हेंबरातले तळे, पलीकडच्या काठावर चक्रवाकांची जोडी, बाभळींच्या सावल्या पाण्यात लांबत चाललेल्या. पाचच्या सुमारास शेगडीवर मुगाची खिचडी शिजते, डब्यातल्या दशम्या निघतात, साडेपाचला ताटे धुऊन होतात. पाण्याकाठी दिवा लावला की किड्यांचे थवे त्यावर झेपावतात. अंधार पडण्यापूर्वी जेवण उरकलेल्यांना दिवा लावण्याची गरजच फारशी उरत नाही. शेकोटीचा मोह टाळावा, कारण वाळल्या गवताला आणि काढून ठेवलेल्या कडब्याला ठिणगी पुरते. मग वडीलधारी मंडळी प्रतिक्रमण, सामायिक करतात आणि मुले आकाशात तारे मोजतात. पुण्यात एवढे तारे असतात हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

सकाळी पाणी गाळले की गाळण्यावरची जिवाणी त्याच पाण्यात अलगद सोडायची, हे शहरातल्या नळाखाली मनासारखे जमत नाही. येथे काठावर उकिडवे बसून ते जमते. साबण पाण्यात न्यायचा नाही, कचरा पिशवीत बांधून गाडीत. शेतकऱ्याच्या पोराला पैसे देऊ केले तर तो बहुधा घेत नाही, खाखऱ्यांचा पुडा मात्र घेतो.

आठच्या सुमारास गाडी पुन्हा डांबरी रस्त्याला लागते. समोरून ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर येत असतो. ट्रॉलीत भांडीकुंडी, कोपीचे बांबू, पांघरुणात गुंडाळलेली लेकरे, मागे दोरीने बांधलेली शेळी. दरवर्षी लाखो माणसे अशीच बीड जिल्हा सोडून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. त्यांचाही आजचा मुक्काम कुठल्या तरी पाण्याकाठीच पडणार असतो.