सोळा वर्षे आणि पन्नास सीसी

पणजी असो, म्हापसा असो, मडगाव असो वा फोंडा. उच्च माध्यमिक विद्यालय सुटण्याच्या वेळेस फाटकाबाहेर क्षणभर उभे राहावे. झाडांच्या सावलीत दुचाक्यांची रांग लागलेली असते. घंटा होताच पाठीवर दप्तर आणि हेल्मेट हँडलला अडकवलेले, अशा थाटात सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली त्यांवर स्वार होतात आणि पाहता पाहता दिसेनाशी होतात. पालकांस याविषयी विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : ‘आम्ही मोटारसायकल कुठे दिली आहे? बिनगिअरची साधी स्कूटर ती. सोळा वर्षे झाली की तिचा परवाना मिळतोच की!’ हे उत्तर देणारे गृहस्थ सुशिक्षित असतात, कायदा मानणारे असतात आणि मुलांवर त्यांचे प्रेमही असते. तरीही हे उत्तर चुकीचे आहे. आणि ही चूक साधी नव्हे, म्हणूनच आज त्याविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गल्लतीचा आरंभ भाषेतून होतो. आपण सरसकट सर्वांस ‘गाडी’ म्हणतो. नवी पिढी ‘बाईक’ म्हणते. एके काळी असे नव्हते. बुलेट, जावा, राजदूत या मोटारसायकली. लॅम्ब्रेटा, वेस्पा, चेतक या स्कूटरी. आणि लूना ही मोपेड, हे शाळकरी पोरासही ठाऊक असे. हे भेद केवळ नावाचे नव्हते. त्यांमागे तीन वेगळ्या गरजा होत्या आणि तीन वेगळ्या मर्यादाही होत्या.

मोटारसायकल ही सायकलीच्या सांगाड्यातून निघाली. इंजिन दोन चाकांच्या मधोमध, टाकी स्वाराच्या गुडघ्यांत, गिअर पायाने बदलायचे आणि चाके मोठी, बहुधा सतरा-अठरा इंचांची. वजन मध्यावर असल्याने ती वेगातही तोल सांभाळते आणि मोठे चाक खड्ड्यावरून निभावून जाते. आपला गोमंतकीय ‘पायलट’ पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवर उतारू घेऊन चढ-उतार तुडवीत आला तो काही हौसेखातर नव्हे. खराब रस्ता आणि मागे बसलेले माणूस, दोन्ही पेलण्याची ताकद त्या वाहनाच्या रचनेतच होती.

स्कूटरचा वंश निराळा. दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून उठणाऱ्या इटलीत १९४६ साली पियाजिओ कंपनीने वेस्पा आणली. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. तिचे रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हे मूळचे विमानविद्येतले अभियंते. कपड्यांस वंगण लागू नये, स्त्रियांसही सहज बसता यावे, पंक्चर झाल्यास चाक चटकन बदलता यावे, हा त्यांचा हेतू. म्हणून इंजिन मागील चाकाशी झाकले गेले, पुढे पाय ठेवण्यास सपाट जागा आली आणि चाके लहान झाली. भारतात बजाजने प्रथम याच वेस्पाच्या परवान्यावर स्कूटरी बनवल्या आणि १९७२ साली ‘चेतक’ आणली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, हे आज सांगितले तर नातवंडांस खरे वाटत नाही. परंतु सोयीची किंमत असतेच. इंजिन एका अंगास, चाक दहा इंचांचे. मोटारसायकल जो खड्डा ओलांडून जाते, त्यात स्कूटरचे चाक खोल उतरते. पावसाळ्यात गोव्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालवणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

मोपेड हे तिसरे भावंड, सर्वांत धाकटे. ‘मोटर’ आणि ‘पेडल’ या दोन शब्दांच्या जोडणीतून तिचे नाव घडले आणि नावातच तिची मर्यादाही सांगितली गेली. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली पन्नास सीसीची लूना आणली. पुढे १९८० मध्ये दक्षिणेतून टीव्हीएस ५० आली. पेट्रोल संपले तर पायडल मारीत घर गाठावे, चढावर इंजिन दमले तर पायांनी हातभार लावावा, असा तो साधा कारभार होता. शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार यांस ती परवडली. सायकलीची ती सख्खी बहीण. वेगाने कुणास भिववणे तिच्या स्वभावातच नव्हते.

हे तिन्ही भेद पुसट होण्यास १९८४ पासून आरंभ झाला. त्या वर्षी आलेल्या कायनेटिक होंडाने क्लच आणि गिअर दोन्ही काढून टाकले. बटण दाबावे आणि निघावे. २००१ च्या सुमारास अ‍ॅक्टिवा आली आणि पुढे बिनगिअरची स्कूटर घरोघर पोचली. चालवण्यास ती मोपेडीइतकी सोपी; शक्ती मात्र सुमारे ११० सीसीची, म्हणजे लूनाच्या दुप्पटीहून अधिक. सोपेपणा दिसतो, शक्ती दिसत नाही. ‘गिअर नाही, म्हणजे मोपेडच’ हा समज येथून रुजला.

कायदा मात्र हा समज मानीत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमानुसार वाहन चालवण्याचे वय अठरा. अपवाद एकच : इंजिनाची क्षमता पन्नास सीसीहून अधिक नसेल, तर ती दुचाकी सोळाव्या वर्षी चालवता येते. त्या परवान्यासाठी पालकाची लेखी संमती लागते, आणि ती देताना पालक बहुधा ‘गिअरविना’ एवढाच शब्द वाचतो. ‘पन्नास सीसी’ हे शब्द त्याच्या नजरेतून निसटतात. सोळा वर्षांच्या मुलास ११० सीसीची स्कूटर देणे म्हणजे विनापरवाना वाहन देणे होय. ज्या टीव्हीएस एक्सएल १०० ला बाजारात आजही मोपेड म्हणतात, तीही शंभर सीसीच्या घरातली असल्याने या सवलतीत बसत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने या चुकीची किंमत फार वाढवली आहे. अल्पवयीनाकडून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपये दंड, बारा महिने वाहनाची नोंदणी रद्द, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आहे. मुलाजवळ परवाना असेल आणि तो त्याच परवान्यातले वाहन चालवीत असेल, तर पालकास सूट आहे. पण पन्नास सीसीचा परवाना खिशात आणि बुडाखाली ११० सीसीची स्कूटर, अशा स्थितीत ती सूट कामास येत नाही.

दंडाची गोष्ट एक वेळ बाजूस ठेवू. निसर्गाचा कायदा त्याहून कठोर आहे आणि त्याच्याकडे अपील नाही. वेग दुप्पट झाला की थांबवावयाची ऊर्जा चौपट होते. चाळिसावर दमणारी लूना आणि ऐंशीपर्यंत सहज धावणारी स्कूटर यांतील अंतर हे असे आहे. मागे मित्र बसलेला, रस्ता पहिल्या पावसाने निसरडा झालेला आणि समोरून वळणावर बस आलेली, अशा क्षणी पन्नास सीसी आणि ११० सीसी यांतील फरक कागदावरचा राहात नाही. कायदा करणाऱ्यांनी सोळा आणि अठरा या वयांमध्ये पन्नास सीसीची जी पायरी ठेवली होती ती शहाणपणाची होती. आधी हळू वाहनावर रस्ता शिकावा, मग वेगाकडे जावे.

दुर्दैव हे की ती पायरीच आता उरलेली नाही. पेट्रोलवर चालणारी पन्नास सीसीची नवी दुचाकी आज दुकानात मिळणे जवळजवळ अशक्य झाले आहे. कायदा जिची परवानगी देतो ती वस्तू बाजार विकत नाही, आणि बाजार जी विकतो तिची परवानगी कायदा देत नाही. या फटीत आपली मुले उभी आहेत. शासनाने परवाना देताना हे स्पष्ट बजावून सांगावयास हवे, आणि विद्यालयांच्या वेळा पाहून कदंबच्या बसगाड्या सोडावयास हव्यात. संध्याकाळची शिकवणी आटोपल्यावर घराकडे जाणारी बस नसेल, तर केवळ चलने फाडून प्रश्न सुटणार नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

परंतु शासनावर बोट ठेवून पालकांस हात झटकता यावयाचे नाहीत. किल्ली शासन देत नाही. ती घरातल्या खुंटीवर असते. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत चालणारी, अडीचशे वॅटच्या आतील विजेची हलकी दुचाकी, जिला नियमांनी मोटार वाहन मानलेले नाही, ती आज मिळते. लूनाची खरी वारस तीच म्हणावयास हवी. सायकल तर कुणी हिरावून घेतलेली नाहीच. दोन वर्षे थांबणे एवढेच मागणे आहे. ‘सगळ्यांची मुले नेतात’ असे मुलगा म्हणेल, रुसेल, एखादे दिवशी जेवणार नाही. रुसलेला मुलगा संध्याकाळी समजूत काढण्यास घरी असतो, एवढे पालकांनी ध्यानी ठेवावे आणि किल्ली खुंटीवरच राहू द्यावी.