दिव्याचे वॅट आणि रोपाचे प्रकाशकण

गेल्या पावसाळ्यांत आमच्या पाली गांवीं समुद्रावरून आलेलें आभाळ दिवसेंदिवस हटलें नाहीं. छपराखालचीं टोमॅटोचीं रोपें उजेडाअभावीं काटकुळीं होऊं लागलीं, म्हणून आम्हीं विजेचे दिवे टांगले. विक्रेत्यानें वॅटांचा आंकडा सांगितला; आम्हीं तेवढ्यावरच विश्वास ठेविला. रोपें सुधारलीं नाहींत. बांधवांचा पैसा वांचावा म्हणून चुकलेला हिशेब येथें मांडतों.

प्रकाश कणाकणांनीं शोषला जातो, असें आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं प्रतिपादिलें. या कणास फोटॉन म्हणतात. मणभर हरभरा व मणभर तूर यांचें वजन एकच. परंतु तुरीचे दाणे अधिक भरतात. वॅट म्हणजे वजन, फोटॉन म्हणजे दाणे. निळा कण जड, तांबडा हलका. पान दाणे मोजून घेतें. निळ्या कणांतील जादा शक्ति उष्णता होऊन वायां जाते.

कणाची शक्ति लहरीच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणांत असते; म्हणून तितक्याच शक्तींत लांब लहरीचे कण अधिक मावतात. रीत अशी:

दर चौरस मीटरवर पडणाऱ्या प्रकाशाचे वॅट × लहरीची लांबी (नॅनोमीटर) × ०.००८३६ = दर सेकंदाचे मायक्रोमोल.

एकावर सतरा शून्यें म्हणजे परार्ध. असे सुमारें सहा परार्ध कण म्हणजे एक मायक्रोमोल.

उदाहरण. वाफ्यावर दर चौरस मीटरला २० वॅट प्रकाश पडतो असें धरूं.
तांबडा, ६६० नॅनोमीटर: २० × ६६० × ०.००८३६ = ११०.
निळा, ४५० नॅनोमीटर: २० × ४५० × ०.००८३६ = ७५.
वॅट तेच, कण मात्र जवळजवळ दीडपट. तरीही निव्वळ तांबडा पुरत नाहीं. रोप आंखूड व बळकट राहण्यास थोडा निळा लागतोच. पांढऱ्या दिव्यांत अनेक रंग असतात. प्रत्येकाचा हिशेब वेगळा करून बेरीज घ्यावी. पानाच्या उपयोगाचा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. निरभ्र दुपारीं सूर्य असे सुमारें २००० मायक्रोमोल देतो, यावरून दिव्याची पायरी ओळखावी.

दोन सावधगिऱ्या. खोक्यावरचे वॅट हे खर्च होणाऱ्या विजेचे असतात, प्रकाशाचे नव्हेत. आमची चूक हीच. आणि लक्स हें माप माणसाच्या डोळ्यासाठीं आहे, पानासाठीं नाहीं. म्हणून दिवा घेतांना रोपाच्या उंचीवर किती मायक्रोमोल पडतील, हें विचारावें. उत्तर न मिळाल्यास पैसे मोजूं नयेत.